थोरला, धाकटा आणि झेंडूची माळ

“संयोगिता, चालतं यंत्र सवताच्या हातानं बंद करून बघ. त्याबिगर जोडीला दुसरं हाय म्हणू नगंस!”

माझ्याआधी हे काम बघणाऱ्या उदयसिंह साहेबांनी निवृत्त होताना हे बजावलं, तेव्हा मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आमच्या साखर कारखान्याचं वायफाय मी सांभाळते. उसाची गाडी काट्यावर आली की टॅबवर वजन आणि गाडीचा फोटो घेतात. दोन्ही पोचले तरच पावती निघते. खांबावरच्या वायफायच्या डब्यातून हे सगळं टनेलमधून, म्हणजे झाकल्या वाटेनं, कंट्रोलरकडे जातं. कंट्रोलर, म्हणजे सगळ्या डब्यांचा कारभार बघणारी यंत्रं, दोन. ऑफिसातला थोरला, डिस्टिलरीतला धाकटा. थोरला पडला की टनेल आपोआप धाकट्याकडे वळावीत, ही सोय मी केली. फोटो जड, म्हणून डोक्यावरून मोळ्या वाहण्यापेक्षा ट्रॉली भरावी, तशी मोठ्या फ्रेमची, म्हणजे एका खेपेत जास्त माहिती नेण्याची, सोयही डब्यांवर आणि या दोघांवर केली. राहिलं एकच, थोरल्याला बंद करून बघणं.

तेवढंच होईना. जप झाल्याशिवाय पाणी न पिणारी बाई मी. तेवता दिवा फुंकायचा नाही हे अंगात मुरलेलं. थोरल्याचा हिरवा दिवा बघितला की बटणावरचं बोट मागं यायचं. आज गुरुवार, उद्या संकष्टी. कारण द्यायला पंचांग कधी कमी पडलं नाही. त्याऐवजी खंडेनवमीला दोघांना हळदकुंकू लावून झेंडूच्या माळा घातल्या. थोरल्याला मानाची, चांगली जाड. ती उतरवायचं धाडस अर्थातच झालं नाही.

गळिताच्या ऐन गर्दीत थोरला तापून बंद पडला. पातं लवायच्या आत धाकट्यानं टनेल ओढून घेतली. मी तिथंच हात जोडले, अंबाबाईला खणानारळाची ओटीही बोलून टाकली. तेवढ्यात काट्यावरच्या ऋतुराजचा फोन.

“ताई, वजन जातंय, फोटो जाईना. पावत्या अडकल्यात.”

धावत गेले. काट्यावर गडमुडशिंगीच्या चिमणाबाई बैलगाडीवर बसलेल्या, मागं रांग.

“बाय, मी फोटूत बरी दिसत न्हाय म्हणून अडवलंयस व्हय?”

रांग खदखदली.

“मावशी, दोनच मिनिटं...”

“ह्यो बी मघापासनं दोनच म्हणतोय! उद्या दुपारी लेकीला बघाय पावणं येणार हायती. उद्या बी असंच बसवलंस, तर पावण्यांस्नी काट्यावरच बोलवती. चहा तू कर.”

“उद्या तुमची गाडी थांबणार नाही, मावशी. शब्द देते.”

शब्द देऊन बसले खरी. ऑफिसात जाऊन थोरला उघडला. पंख्याच्या जाळीत वाळक्या झेंडूच्या पाकळ्या गच्च बसल्या होत्या. मागोमाग आलेला ऋतुराज डोकावला.

“ताई, पूजेनं देवच गुदमरला की!”

पाकळ्या काढल्या, थोरला उठला, पावत्या सुरू झाल्या. चिमणाबाई जाताना म्हणाल्या, “चहात आलं घाल हां.”

पण धाकट्याकडून फोटो का जाईना? खिडकीतून बघते तर उंच भरलेली ट्रॉली फाटकाच्या कमानीला अडलेली, माणसं वरच्या मोळ्या उतरवत होती. सायकली मात्र खालून खुशाल चालल्या होत्या. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. दोन्ही टोकांना मोठ्या फ्रेमची सोय केली होती, पण धाकट्याच्या वाटेवरचा स्विच, म्हणजे तारा जोडणारा मधला डबा, जुन्याच मापाचा राहिला होता. ट्रॉली मीच भरली, बुटकी कमानही मीच ठेवली. वजनाचा आकडा सायकलीसारखा निसटत होता, फोटो अडत होता.

संध्याकाळी त्या स्विचचं माप वाढवलं. पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. तसं ते खंडेनवमीलाही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी नेमकी संकष्टी. पंचांग मी उघडलंच नाही. जप पुरा केला, घोटभर पाणी प्याले. पहिली गाडी यायला अवकाश होता. देवापुढचा दिवा तेवत ठेवला, ऑफिसची किल्ली घेतली आणि थोरल्याचा दिवा माझ्या हातानं शांत करायला निघाले.