श्रावणाचा रंग

मेहरूणच्या गल्लीत गुलाबाईची गाणी सुरू झाली आणि रत्नाने डबा तिसऱ्यांदा जागचा हलवला. आधी ओट्याखाली, मग फ्रीजवर, आता पदराआड. आज खिरापत तिच्या घरची होती. मुली गाणी म्हणणार, डबा हलवून बघणार, आत काय आहे ते ओळखणार. ओळखता आलं नाही तर घर जिंकलं.

डब्यात काय आहे हे बाहेरच्या कुणालाच माहीत नव्हतं. घरात भूमिकाला माहीत होतं.

वैशाखात भूपेंद्रशी लग्न होऊन रत्ना चोपड्याहून या घरात आली, तेव्हा त्याच्या आठ वर्षांच्या मुलीने, भूमिकाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. पोरगी वाईट बोलत नसे. हाकच मारत नसे. रत्नाने गच्चीवर आंबापोळी वाळत घातली, तिला तुकडा दिला. तिने तो तसाच ताटलीत ठेवला. पुढे श्रावणात कपाटातल्या आंबापोळीच्या गुंडाळीची कड कुरतडलेली दिसली, म्हणून रत्नाने पिंजरा लावला. उंदीर काही सापडला नाही.

आजच्यासाठी रत्नाने एक गाणं जुळवलं होतं. घरच्या मुलीने ते म्हणायचं. सकाळी तिने भूमिकाला ते दोनदा ऐकवलं. श्रावणाची ओळ तेवढी सुचायची राहिली होती. हिरवा रंग चैत्रालाच खर्च झाला होता.

"म्हणशील ना?"

"बघू," असं म्हणून भूमिका वेणीला रबर लावत बाहेर पळाली होती.

आता मुली आत आल्या. मागून शेजारच्या कुंदाबाई पाट शोधत आल्या. मातीच्या गुलाबाईपुढे गाणी झाली. त्यांच्यातल्या चंदनने डबा कानाशी धरून हलवला.

"वाजतच नाही."

"रिकामा शे का वं रत्ना?" कुंदाबाई म्हणाल्या. "नवी सून हुशार शे."

मुली हसल्या. रत्नाने भूमिकाकडे पाहिलं. भूमिका फ्रॉकची कड बोटाला गुंडाळत होती.

"सांग ना," चंदनने तिला कोपराने ढोसलं. "तू आमच्यातली ना? हळूच सांग, कानात."

भूमिका तिच्या कानाकडे झुकली. रत्नाला वाटलं, संपलं. गाणं गेलं, डबाही गेला. उद्या गल्लीभर बोभाटा होणार, की घरच्या पोरीनेच फोडलं.

भूमिकाने चंदनचा कान ओढला आणि मोठ्याने सुरू केलं,

"चैत्रात रंग हिरवा, वाऱ्यावर लटके,
वैशाखात रंग पिवळा, टोपलीत भटके,
ज्येष्ठात रंग तांबडा, उन्हात तापे..."

"केळ्याचे वेफर!"

"केळ्याला चैत्र-वैशाख कुठला गं? बारा महिने ट्रक भरतात."

"मिरचीचा ठेचा!"

"गुलाबाईला ठेचा? तुझ्या घरी देत असतील."

"टमाट्याचा सॉस!"

भूमिका मान हलवत राहिली. मुली दमल्या, चिडल्या, एकमेकींवर ओरडल्या.

"बठ्ठ्या पोरी हारी गयात," कुंदाबाईंनी निकाल दिला. "उघड आता."

"थांबा," भूमिका म्हणाली. "एक ओळ राहिली."

रत्ना दचकली. राहिलेली ओळ तिच्याकडेच नव्हती.

भूमिकाने रत्नाकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून म्हटलं,

"श्रावणात रंग काळा, कपाटात लपे."

"म्हणजे काय?" चंदनने विचारलं.

"अंधार असतो तिथे," भूमिका म्हणाली. "दार लावून घेतलं की."

रत्नाला कुरतडलेली कड आठवली. तिने मान खाली घालून झाकण काढलं. हातांची झुंबड उडाली. मुली आंबापोळी ओढत, ताणत, बोटं चाटत होत्या.

भूमिका पुढे आली नाही. रत्नाने कडेचा जाड, चिवट तुकडा वेगळा काढला आणि तिच्यापुढे धरला.

"हा तुला. कडेचाच आवडतो ना?"

भूमिकाचे कान लाल झाले. तिने तुकडा घेतला, सगळ्यांसमोर तोंडात टाकला आणि भरल्या तोंडाने म्हणाली, "तो पिंजरा काढ आता. माझं बोट चेमटलं असतं."