न पेटवलेली बिडी

नागपूर राजधानी होतं, तेव्हाची गोष्ट. लग्नाले नऊ वर्षं झाली होती, पण आम्ही दोघं धड बोललो नव्हतो. कोष्ट्याचं घर. ते मागावर, मी सुताच्या कांड्या भरत त्यायच्याकडं पाठ करून, अन् मधात सासू वच्छलाबाई. सासूसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही. काही सांगायचंच असलं तर मी मांजरीले सांगत होती.

दिवाळीनंतर त्यायची छाती भरली, दवाखान्यात खाट भेटली. नर्सबाईनं पहिल्याच दिवशी दम दिला, वॉर्डात बिडी चालणार नाही, ओढायची तर चिंचेखाली जा. बायांले वॉर्डात येऊ देत नव्हते. म्हणून चार वाजता मी डबा अन् डब्याखाली बिडीचं बंडल घेऊन चिंचेखालीच बसत होती. बाकीचे बिमारही तिथंच धूर काढत. इतक्या पुरुषांत मी आपली पदर ओढून, सवयीनं पाठ करून बसलेली. अन् मागून ते बोलत. काय काय बोलत, बापा! जांभळं लुगडं मले शोभते म्हणे. या माणसानं माह्या लुगड्याकडं कधी पाहिलं असंन? सकाळपासून चार वाजायसाठी जीव नुसता तुटे.

मंग डॉक्टरनं मले अडवलं. बिडी सुटली नाही तर नवरा जिता घरी नेणार नाही तुम्ही, म्हणे. त्याचा असा राग आला मले! बिडी बंद म्हणजे चिंच बंद. पण माणूसच राहिला नाही तर चिंचेले काय करू? दुसऱ्या दिवशी बंडल नेलं नाही.

"उद्यापासून बाहेर येऊ नका," मी म्हटलं.

त्यायनं कानावरची बिडी काढून माह्यासमोर धरली. चोळामोळा झालेली, पण कोरी.

"पंधरा दिवस झाले, हेच हाय. तुही बंडलं बाजूच्या खाटेवरचा रुपराव ओढून राहिला. सोडली म्हटलं तर नर्सबाई बाहेर येऊ देईन का वं?"

बरे होऊन घरी आले. पुन्हा माग, कांड्या, मधात सासू. घर भरलेलं, अन् मले त्या चिंचेची इतकी आठवण ये की हातातला धागा तुटे.

एका दुपारी माग थांबला. ते उठले, कानावर बिडी खोचली. बिडी ओढून येतो, म्हणाले. सासूनं डॉक्टरचं नाव घेऊन तोंडसुख घेतलं. ते मांजरीकडं पाहून म्हणाले, "घरामागच्या कडुलिंबाखाली कोणी पाणी आणून देईन तर बरं होईन."

मी लोटा घेऊन गेली. त्या दिवशी पाठ करून बसली नाही.