लांडा मासा

मित्रांनो, मी एक जुना हातमाग. आधीच सांगितलेलं बरं, मी जन्मापासून थोडा लंगडा आहे. ज्या सुताराने मला घडवलं, त्याला कामाची भारी घाई. डावीकडचं एक लाकूड त्याने बोटभर आखूड कापलं आणि तसंच ठोकून तो मोकळा झाला. त्यामुळे माझ्या डाव्या बाजूचे धागे विणताना पुरते वर उचललेच जात नाहीत.

माझ्या मालकांना सगळी गल्ली आप्पा म्हणे. त्यांनी मला पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसवलं. ते माझ्यावर टॉवेल विणायचे, मऊ आणि दणकट, दोन्ही काठांना माशांची रांग. उजव्या काठातले मासे अगदी ऐटदार. डाव्या काठातल्यांना मात्र शेपटीच उमटत नसे. लोक त्यांना लांडा मासा म्हणत. कुणी चिडवलंच, तर आप्पा आडवा धागा नेणारा हातातला धोटा थांबवून म्हणत, "अहो, तो वळून बघतोय, म्हणून शेपटी दिसत नाही!" लोक हसत आणि टॉवेल घेऊन जात. कुणाच्या घरी बाळ आलं की लांड्या माशाचा टॉवेल हवाच, असं गल्लीत ठरूनच गेलं होतं. आप्पांच्या लेकीला सगळे भिंगरी म्हणत. पोर एका जागी बसेल तर शपथ! पण माझी खटखट कानावर पडली की तिला लगेच झोप लागायची. ते दिवस फार सुखाचे होते.

मग किनाऱ्यावर मोठं हॉटेल उभं राहिलं. मालक परदेशातले. पाहुणे विमानाने येत, आणि राहण्याजेवण्याचे सगळे पैसे त्यांच्याच देशात भरून येत. तरी आम्हाला वाटलं, आता गावाचं भलं होणार. भिंगरीची आई तिथे धुलाईच्या कामाला लागली. जेवताना ती नवल सांगे, "अहो, कांदेसुद्धा बोटीने येतात त्यांचे. मासेही बाहेरचेच, बर्फातले."

"आणि हा समोरचा एवढा समुद्र?" आप्पा विचारत.

"तो तेवढा इथला!"

एक दिवस हॉटेलच्या खरेदीवाल्या बाई आमच्या दारात आल्या. बाई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी टॉवेल गालाला लावून पाहिला आणि म्हणाल्या, "एक नमुना द्या, मी वर पाठवते. पसंत पडला तर वर्षभर तुम्हाला मान वर करायला फुरसत मिळायची नाही." त्या पैसे देऊ लागल्या, पण आप्पांनी हात मागे घेतला. नमुन्याचे पैसे घ्यायचे नाहीत, अशी आमच्या धंद्यातली रीत. त्यांनी आपल्याकडचा सगळ्यात चांगला टॉवेल घडी घालून दिला.

इथपर्यंत ठीक होतं. पण हॉटेलचं काम केव्हाही येऊन पडेल, म्हणून आप्पांनी मला रिकामं ठेवलं. शेजारच्या वहिनी नव्या नातवासाठी टॉवेल मागायला आल्या, तर त्यांना म्हणाले, "थोडं थांबा, वहिनी." वहिनी थोड्या थांबल्या आणि मग बाजारातून घेऊन मोकळ्या झाल्या. हळूहळू गल्लीने विचारणंच सोडलं. मी उभे धागे ताणून तयार होतो आणि त्यांच्यावर धूळ बसत होती. "अहो, विणा काहीतरी!" असं मला ओरडावंसं वाटे. पण लाकडाला कुठलं आलंय तोंड?

एका दुपारी भिंगरीची आई कामावरून आली, ती चपला न काढताच माझ्यापाशी आली. तिच्या हातात हॉटेलने टाकून दिलेला एक फाटका टॉवेल होता. "कंटेनर भरून आलेत," एवढंच ती म्हणाली. आप्पांनी काठावरून बोट फिरवलं. उजवीकडे ऐटदार मासे, डावीकडे लांडे. कुठल्यातरी दूरच्या कारखान्याने माझं लंगडणंसुद्धा जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. मला लाज वाटली आणि रडूही आलं.

आप्पा भिंगरीला घेऊन हॉटेलात गेले. तिथे काय झालं ते भिंगरीने आल्यावर आईला सांगितलं. बाईंची मान खाली होती. त्या म्हणाल्या, "आप्पा, मी फक्त नमुना पाठवला हो. माल कुठे बनवून घ्यायचा ते तिकडे ठरतं. माझ्या हातात काही नाही." ते खरंच होतं, त्यामुळे आप्पांना भांडताही आलं नाही.

तरी ते नेटाने पुन्हा विणायला बसले. टॉवेलांचा गठ्ठा बांधून बाजारात गेले. तिथे एक गिऱ्हाईक सगळ्यांसमोर म्हणालं, "काय हो, हॉटेलातल्या टॉवेलाची नक्कल करता? आणि वर त्याच्यापेक्षा महाग!" आप्पांनी मांडलेले टॉवेल पुन्हा बांधले. गठ्ठा तसाच घेऊन ते घरी आले. त्यानंतर ते माझ्यावर कधी बसले नाहीत.

पुढे हॉटेलला आपल्या दर्शनी दालनात इथली कला मांडायची होती. घर चालणं कठीण झालं होतं, म्हणून आप्पांनी मला विकून टाकलं. मला उचलताना ते हमालांना एवढंच म्हणाले, "डावीकडून जरा जपून." आता मी चकचकीत फरशीवर उभा आहे, माझ्याभोवती जाड दोर आहे. माझ्यापुढे बसायची नोकरी एव्हाना मोठ्या झालेल्या भिंगरीला मिळाली. पहिल्याच दिवशी व्यवस्थापक तिला म्हणाले, "विणत राहायचं, पण टॉवेल पुरा करायचा नाही. सारखं सूत कोण आणणार? विकायचे टॉवेल दुकानात आहेत." म्हणून ती दिवसभर विणते आणि संध्याकाळी सगळं उसवते. तेच सूत दुसऱ्या दिवशी पुन्हा. ते आता पार विरलं आहे.

काल एक पाहुण्या आजीबाई दुकानातला टॉवेल घेऊन आमच्यापाशी आल्या. लांड्या माशावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "किती गोड! हा तूच विणलास ना?" व्यवस्थापक शेजारीच उभे होते. भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माशाकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली.

आजीबाईंनी प्रेमाने तिचा हात दाबला. पिशवी घेऊन त्या समाधानाने निघून गेल्या.

मित्रांनो, तुम्ही कधी परक्या गावी फिरायला गेलात, तर वस्तू घेण्याआधी एवढं विचारा, की ही कुणाच्या हातची आणि तो माणूस राहतो कुठे. मग त्याच्या दारापर्यंत जा. मला इथून हलता येत नाही आणि भिंगरीला खरं बोलता येत नाही. हे बघा, संध्याकाळ झाली. तिने धोटा बाजूला ठेवला आहे आणि आजचे मासे एकेक करून उसवायला घेतले आहेत.