सील तुटल्यास

"सर, मशीनचा प्लग बोर्डात लावलाय ना?"

चौतीस वर्षं मिक्सर, मोटारी आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करण्यात घालवलेल्या मिस्त्रींनी फोन कानापासून जरा लांब धरला. मग शांतपणे म्हणाले, "लावलाय."

"बटण चालू आहे?"

"बाई, मशीन पाणी घेतं, कपडे धुतं. पिळायची वेळ आली की थांबतं. झाकणाखालच्या स्विचची वायर सुटलीय. दहा मिनिटांचं काम आहे."

"सर, आपण टेक्निशियन आहात का?"

मिस्त्री थोडं घुटमळले. "होतो."

"मग सर, कृपया एकदा बंद करून चालू करून बघा."

मिस्त्रींचं दुकान बंद होऊन दीड वर्ष झालं होतं. कुणी टाळं ठोकलं नव्हतं. गिऱ्हाईकच आटत गेलं. लोक आता बिघडलेली वस्तू दुकानात आणत नाहीत, पलंगावर पडल्या पडल्या नवी मागवतात. मिस्त्रींना त्याचा राग नव्हता, निदान ते तसं सांगत. घरचं जुनं मशीन त्यांनी एकोणीस वर्षं जगवलं. शेवटी टबच गंजून गळायला लागला, तेव्हा परगावच्या लेकीनं फोनवरून नवं मागवून धाडलं. अकरा हजार लोकांनी त्याला चांगलं म्हटलं होतं. त्यातल्या एकानंही ते मागून उघडून पाहिलेलं नाही, एवढंच मिस्त्रींचं म्हणणं होतं.

चौथ्या धुण्याला ते थांबलं. मिस्त्रींनी पेटीतून स्क्रूड्रायव्हर काढला, तोच व्हिडिओ कॉलवर लेक ओरडली, "बाबा, हात लावू नका! सील तुटलं की वॉरंटी गेली. दहा वर्षांची आहे!"

"अगं, काय झालंय ते मला कळतंय."

"तुम्हाला कळून उपयोग नाही. त्यांना कळायला हवं. शब्द द्या मला."

शब्द दिला, आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. कारण बायकोच्या दोन्ही मनगटांना डॉक्टरांनी पट्टे घातले होते आणि पिळणं, दाबणं वर्ज्य केलं होतं. चादरीचं दुसरं टोक मिस्त्री धरत. पण कंपनीला फोन लावून ते तासभर बासरी ऐकत बसले की उरलेलं ती एकटीच उरकून टाकी.

"धुतं ते, पिळते मी," ती लेकीला सांगे. "कामं वाटून घेतलीत आम्ही."

पहिल्या खेपेला कंपनीचा माणूस दहा ते सहाच्या दरम्यान येणार होता. मिस्त्री दारात खुर्ची टाकून बसले, जेवलेसुद्धा तिथंच. साडेपाचला फोनवर निरोप आला: 'आमचा तंत्रज्ञ येऊन गेला. दार बंद होतं.' मिस्त्रींनी उठून दार तपासलं. उघडंच होतं.

दुसऱ्या खेपेला माणसाऐवजी नुसताच निरोप आला, की लागणारा सुटा भाग मागवला आहे.

"न बघताच?" मिस्त्री भडकले.

"हुशार असतील," बायको म्हणाली. "तुम्ही नाही का, नुसत्या आवाजावरून सांगायचात?"

तिसऱ्या खेपेला निरोपही आला नाही.

अठराव्या दिवशी सकाळी ती चहा पीत होती, दोन्ही तळव्यांत कप धरून. कपाचा कान पकडण्याइतकी बोटं मिटत नव्हती. मिस्त्रींनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून पुन्हा फोन हातात घेतला. बासरी सुरू झाली.

ती उठली आणि पलंगाखालची त्यांची पेटी पायानं ढकलत त्यांच्यापुढं आणली.

"उघडा ते मशीन."

"शब्द दिलाय तिला."

"तुम्ही दिलाय. मी कुठं दिलाय?" तिनं भाजीची सुरी उचलली, मशीनमागं वाकली आणि सीलचा चंदेरी कागद उभा चिरला. "घ्या. सील मी तोडलंय. तुम्ही आपले दुरुस्तीला आलात."

सात मिनिटं लागली, त्यांतली चार चष्मा शोधण्यात गेली. वायर सुटलीच होती. कारखान्यात कुणीतरी तिचा शेवटचा दाब द्यायला विसरलं होतं. तो मिस्त्रींनी अंगठ्यानं दिला. चादर टाकून मशीन लावून पाहिलं. पिळायची वेळ आली आणि ते थांबलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला: 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आमच्या तंत्रज्ञाबद्दल आपलं मत कळवा.'

"काय विचारतायत?" बायकोनं विचारलं.

"नम्रपणे वागला का."

"छे. अठरा दिवस तोंड फुगवून बसला होता."

"वेळेवर आला का."

तिनं मनगटावरचा पट्टा सारखा केला. मिस्त्रींनी फोन पालथा ठेवला.

मागचा पत्रा लावण्याआधी त्यांनी पेटीतून जाड पेन काढलं. दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूच्या आत तारीख आणि हमी लिहायची त्यांची रीत होती. पुढे गिऱ्हाईक भांडायला आलं, तर दोघांनाही वाचता यावं म्हणून. बायकोनं वाकून पाहिलं.

"सहा महिने? कंपनीची दहा वर्षं होती."

"माझी सहाच. पण मी येतो."

तिनं मशीनमधून चादर ओढून काढली. मिस्त्रींनी सवयीनं दुसरं टोक धरलं आणि पीळ दिला. थेंबही पडला नाही.

"आता लेकीला काय सांगायचं?"

"सांगा, माणूस येऊन गेला," ती म्हणाली. "दार उघडंच होतं."