गेलं म्हणजे गेलं

"गेलं," उबाल्दो म्हणाला.

नेरियोने तिकीट जाळीच्या खालून परत घेतलं, मुठीत चुरगळलं आणि खाली टाकलं. एवढ्यावर व्यवहार संपला. त्याने 'का' विचारलं नाही, 'कसं' विचारलं नाही. पैजेच्या त्या दुकानात सत्तावीस वर्षं हीच रीत होती. सकाळी लोक कालची तिकिटं घेऊन खिडकीशी यायचे, उबाल्दो पेरोसो चष्म्यावरून नजर टाकायचा आणि एकच शब्द बोलायचा. 'आहे' म्हणाला तर माणूस पैसे घ्यायला तिथंच उभा राहायचा. 'गेलं' म्हणाला तर तिकीट जमिनीवर. गेलं म्हणजे गेलं. सरोवराकाठच्या त्या गावात पाद्रीच्या शब्दावर वाद घालणारे होते, डॉक्टरच्या शब्दावर तर वाद रोजच व्हायचा. उबाल्दोच्या शब्दावर वाद घातल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"चारातलं एकच हुकलं ना, कोम्पाद्रे?" नेरियोने जाता जाता विचारलं. उबाल्दो त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता झाला होता, म्हणून ते एकमेकांचे कोम्पाद्रे, आणि नेरियोची बायको त्याची कोमाद्रे. गावात हे नातं सख्ख्या भावापेक्षा थोडं वरचं धरतात, कारण भाऊ निवडता येत नाही.

"बेटावरच्या संघाने घात केला."

"बेटवाल्यांवर लावणाऱ्याने बायको करू नये," नेरियो म्हणाला. "घरी जाऊन दोनदा हरावं लागतं."

रांग हसली. नेरियोही हसला, पण त्याच्या होडीची मोटर तीन आठवडे बंद होती आणि आज हे तिकीट निघालं असतं तर तिचा सुटा भाग आला असता, हे रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आता त्याला मेव्हण्याच्या होडीवर मजुरीने जावं लागणार होतं. मेव्हणा कसा होता हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

उबाल्दो स्वतः कधी खेळला नाही. त्याला खेळात रस नव्हता, शब्दांत होता. बेसबॉलचा हंगाम लागला की गावात नवे खेळणारे उगवायचे आणि उबाल्दो त्यांना खिडकीतून बाराखडी शिकवायचा. जिंकेल असं सगळ्यांना वाटतं तो संघ म्हणजे नर. हरेल असं वाटतं ती मादी. नरावर दीडशे लावा तेव्हा शंभर सुटतात. मादीवर शंभर लावा, दीडशे सुटतात. तिकिटावर नराचा आकडा उणे लिहितात, मादीचा अधिक. दोघांच्या धावा मिळून ठरलेल्या आकड्यापुढे जातील असं म्हणायचं असेल तर 'जास्ती', नाहीतर 'कमी'. आणि तीनचार पैजा एकाच तिकिटावर गुंफल्या की झाली माळ. माळेत सगळे मणी बरोबर यावे लागतात. एक हुकला की माळ तुटली.

"म्हणजे मादीला कुणी मोजत नाही, म्हणूनच ती जास्त देते," असं दुकान झाडणारी एदिक्ता एकदा म्हणाली होती. "हे मला शिकवायला चष्मा कशाला लागतो?"

तरी ती शिकली. दुपारी दोनला दुकान जेवणासाठी बंद व्हायचं, त्या वेळी ती झाडू मारायची आणि उबाल्दो आतून डबा खाता खाता तिला तिकिटावरची एकेक ओळ समजावून सांगायचा. त्यात तिचा स्वार्थ होता. दुकानाचा जुना नियम असा की जमिनीवर पडलेलं झाडणारीचं. माणसं रागात टाकतात, घाईत टाकतात, आणि महिन्यातून एखाददुसरं तिकीट असं निघायचं की ज्याच्या मालकाने उबाल्दोला न दाखवताच फेकलेलं असायचं. हजार, दोन हजार बोलिव्हार. एदिक्ता ते पायरीवर बसून मांडीवर सपाट करायची, वाचायची आणि तीन वाजता खिडकी उघडली की रांगेत पहिली उभी राहायची.

त्या दिवशीही राहिली.

"हे बघा बरं, सेन्योर उबाल्दो. मला वाटतं हे आहे."

उबाल्दोने तिकीट घेतलं. चार ओळींची माळ. डोंगरवाले, मादी. बंदरवाले, मादी. राजधानीच्या सामन्यात जास्ती. बेटवाले, नर. पहिल्या तिन्ही बरोबर. चौथी चूक.

"बेटवाले हरले काल," तो म्हणाला. "गेलं."

"हरले ना. पण चेंडू फेकणारा कोण लिहिलाय बघा. मार्कानो. मार्कानोला ताप होता, तो मैदानात उतरलाच नाही. फळ्यावर तुम्हीच चार वाजता त्याचं नाव पुसून दुसरं लिहिलंत. आणि शिक्का बघा किती वाजताचा."

शिक्का होता अकरा वाजून वीस मिनिटांचा.

नियम तिकिटाच्या मागे छापलेला असतो, सहाव्या ओळीत: जाहीर झालेला फेकणारा बदलला, तर बदलाआधी लावलेली पैज मोडीत. माळेतून तेवढा मणी काढायचा आणि उरलेल्या माळेचे पैसे द्यायचे. उबाल्दोने ही ओळ हजारदा लोकांना वाचून दाखवली होती. एदिक्तालाही त्यानेच दाखवली होती.

"तुम्हीच शिकवलंत," ती म्हणाली. तिला खुशामत करायची होती.

उबाल्दोने भाव मांडले. दोन माद्या आणि एक जास्ती, पाच हजारांवर. सत्तावन्न हजार ऐंशी. त्याने पुन्हा मांडले. तेवढेच आले. तिकिटावरचं अक्षर त्याचं नव्हतं, दुकानाच्या मालकाचं होतं, उजवीकडे ओघळणारं. काल सकाळी उबाल्दो दाढ काढायला गेला होता आणि दोन तास मालक खिडकीशी बसला होता. आणि हे तिकीट नेरियोचं होतं, आज सकाळी त्यानेच 'गेलं' म्हणून परत केलेलं. नेरियो पैज लावायला कधीच सकाळी येत नाही. तो पाचला येतो, मासळी विकून, खवल्यांसकट. पण मोटर बंद असलेल्या माणसाला सकाळ काय आणि संध्याकाळ काय.

त्याने पैसे मोजून दिले. नियमच तसा होता: तिकीट ज्याच्या हातात, पैसे त्याचे.

"कुणाचं असेल हो?" एदिक्ताने नोटा पोलक्यात खोचत विचारलं.

"जमिनीवरचं," उबाल्दो म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याने दुसराच हिशोब मांडला. गप्प राहिलं तर खर्च शून्य. एदिक्ताला तिकीट कुणाचं ते माहीत नाही, नेरियोला ते निघाल्याचं माहीत नाही, दुकानाचे पैसे कुणालातरी द्यायचेच होते. सांगितलं तर? याचा भाव त्याला काढता येईना. आयुष्यात पहिल्यांदाच एक पैज अशी समोर आली होती की जिच्यात नर कोण आणि मादी कोण हेच कळत नव्हतं.

मालकाला विचारून बघावं म्हणून त्याने विषय काढला. मालक आरिस्तिदेस खुर्चीत बसल्याबसल्या पाय पसरून म्हणाला, "म्हणजे मी तिकीट बरोबर लिहिलं, तू चूक वाचलंस. हे मला लिहून दे. माझी बायको फ्रेम करून लावेल."

"नेरियोचं होतं ते."

"मग?"

"त्याला मी 'गेलं' म्हणालो."

मालकाने पाय आखडून घेतले. "हे बघ उबाल्दो, लोक आपल्याकडे येतात, कारण पलीकडच्या दुकानातला पोरगा प्रत्येक तिकिटाला पाच मिनिटं लावतो. तू एक शब्द लावतोस. तो शब्द माझ्या दुकानाची पाटी आहे. पाटी आपण होऊन कोण खाली उतरवतो?"

शनिवारी सकाळी उबाल्दोने बँकेच्या पुस्तकातून पैसे काढले आणि सरोवराकडे गेला. त्याचा पगार महिन्याला एक लाख तीस हजार होता. नेरियो मेव्हण्याच्या होडीतून नुकताच उतरला होता आणि पाय धूत होता. त्याची बायको चिंका दारात मासळी साफ करत होती.

"कोम्पाद्रे! दुकान जळलं का?" नेरियो म्हणाला. "दिवसाउजेडी तू बाहेर कसा?"

उबाल्दोने एका दमात सांगितलं. मार्कानो, ताप, चार वाजता, अकरा वीस, सहावी ओळ. नेरियो पाय धुवायचा थांबला नाही. फक्त एकच पाय बराच वेळ धूत राहिला.

"किती?"

"सत्तावन्न हजार ऐंशी."

"तू कागद बघितला होतास ना?"

"ओळी बघितल्या, शिक्का नाही बघितला. तुला बघितलं. तू पाचचा माणूस, म्हणून तिकीटही पाचनंतरचं धरलं."

उबाल्दोने पाकीट पुढे केलं. नेरियोने हात पुसले, नोटा मोजल्या आणि चिल्लर बघून त्याच्या भुवया वर गेल्या. "वरचे ऐंशीही आणलेस?"

"हिशोब म्हणजे हिशोब."

"घे, कॉफी पी." नेरियोने चिल्लर त्याच्या तळहातावर ठेवली. नोटा खिशात घातल्या. लाजला नाही, नकोही म्हणाला नाही. पैसे त्याचेच होते. "माझा राग नाही, कोम्पाद्रे. मेव्हण्याने चार दिवसांत जे ऐकवलं ते मी फुकट ऐकलं, एवढंच वाईट वाटतं."

तिथं ते मिटलं असतं. दोघांनी मिटवलंच होतं. पण चिंकाने सुरी खाली ठेवली.

"अहो कोम्पाद्रे, एक विचारू? भांडायला नाही विचारत."

"विचारा, कोमाद्रे."

"हे तुम्हाला कळलं, कारण ते एदिक्ताच्या हाती लागलं. सत्तावीस वर्षांत जी नुसती झाडून गेली, त्यांत अशी किती होती?"

एकही नव्हतं असं उबाल्दोला म्हणायचं होतं, आणि बहुधा ते खरंही होतं. पण त्याने रोज दोनशे तिकिटं बघितली होती, आणि त्यांतली किती बघितली व किती नुसती माणसावरून ओळखली, याची नोंद कुठंच नव्हती.

"माहीत नाही," तो म्हणाला.

चिंकाने मान डोलावली आणि पुन्हा सुरी उचलली. तिने खरंच भांडायला विचारलं नव्हतं. पण रविवारी ती प्रार्थनेला गेली, आणि चर्चच्या दारात बायकांना काय विषय लागतो हे सांगायला नको. सोमवारपर्यंत प्रश्न गावभर झाला. उबाल्दोवर कुणी आरोप केला नाही. उलट जो तो म्हणत होता की माणूस खरा. दुसरा असता तर गिळून बसला असता. आणि हे म्हणता म्हणता प्रत्येकजण एखादं जुनं तिकीट आठवत होता. न्हाव्याला ब्याण्णव सालचं आठवलं. परीट म्हणाला, माझी बायको त्याच वर्षी सोडून गेली, तिकीट निघालं असतं तर कदाचित थांबली असती.

सोमवारी सकाळी खिडकी उघडली तेव्हा रांग होती तेवढीच होती. फक्त पुढे सरकत नव्हती. माणसं भिंतीला टेकून आपापली तिकिटं वाचत होती. काहींनी मागची बाजू वर केली होती. बाहेर पायरीवर एदिक्ता बसली होती आणि तिच्यासमोर तीन जण उभे होते. ती एका तिकिटाला एक सिगारेट घेत होती.

"मेलं कुणी वाचायला शिकलं नव्हतं, ते बरं होतं," ती आत बघून ओरडली. "तुमचं काम माझ्या गळ्यात आलंय, सेन्योर उबाल्दो!"

जे खिडकीशी येत होते तेही आधी स्वतः सांगत होते. "हे गेलंय, हो ना?" उबाल्दो तिकीट उलटसुलट करून बघायचा, शिक्का बघायचा, फेकणाऱ्याचं नाव बघायचा आणि मग म्हणायचा, "हो, गेलंय." माणूस तिकीट खिशात घालून निघून जायचा. दुपारी दोनला एदिक्ताने झाडू काढला तेव्हा जमिनीवर शेंगांची टरफलं होती आणि एक बसचं तिकीट.

नेरियो पाचला आला, खवल्यांसकट. मोटर चालू झाली होती. त्याने कालचं तिकीट जाळीखालून सरकवलं नाही. हातातच धरलं, डोळ्यांपासून लांब नेलं, जवळ आणलं.

"दे इकडे, मी बघतो," उबाल्दो म्हणाला.

"नको, कोम्पाद्रे. तू सांग फक्त. हे उणे दीडशे म्हणजे नर ना?"

"नर."

"आणि ही बारीक अक्षरं?"

"ते नियम. वरून खाली वाच. दहा ओळी आहेत."

"दिसत नाहीत रे. बेचाळीस वर्षं जाळं विणलंय, डोळे गेले सगळे."

मागून कुणीतरी म्हणालं, "अरे आटप की, इथं म्हातारे होऊ आम्ही!" पण ओरडणाऱ्याच्याही हातात तिकीट होतं आणि तोही वाचतच होता.

उबाल्दोने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि जाळीखालून पुढे सरकवला. नेरियोने तो नाकावर ठेवला. एक काडी कानावर नीट बसेना, ती त्याने बोटाने धरून ठेवली. दुसऱ्या हाताचं बोट ओळीखाली ठेवून तो ओठ हलवत वाचू लागला. एक ओळ झाली की वर बघायचा आणि उबाल्दो मान डोलवायचा.

चष्म्याशिवाय उबाल्दोला समोरचा फळा दिसत नव्हता, रांगही नीट दिसत नव्हती. नेरियोचं बोट तेवढं दिसत होतं. ते सहाव्या ओळीवर आलं आणि थांबलं.

"ही का ती?"

"हीच ती."

नेरियोने ती ओळ पहिल्यापासून पुन्हा वाचली, या वेळी मोठ्याने. उबाल्दो हात मांडीवर ठेवून ऐकत बसला.