फेब्रुवारीतला दुसरा बुधवार

पेनक्ली कोर्ट या डेलाहे घराण्याच्या थोरल्या घराच्या फाटकाला वर्षातून एकदाच कुलूप लागायचं, फेब्रुवारीतल्या दुसऱ्या बुधवारी, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. बाकीचे दिवस गावातल्या कुणीही त्या फाटकातून शिरावं, ओकच्या रांगेतून थोरल्या घराच्या खिडक्यांसमोरून चालत जावं आणि चर्च गाठावं. चर्च डेलाहे घराण्याच्या जमिनीच्या पार पलीकडच्या टोकाला आहे. सडकेने जायचं तर तीन मैल पडतात, आणि सडकेवर दुधाचे टँकर अंगावर येतात.

कायदा असा, की लोक एखाद्या वाटेने वीस वर्षं बिनअडथळा चालले तर ती वाट लोकांची होते. म्हणून आमच्या हेरफर्डशर परगण्यात थोरल्या घरांचे मालक वर्षातून एक दिवस फाटक लावून घेतात. वाट वापरा, पण ती तुमची नाही, एवढं सांगण्यापुरतं. दिवस असा निवडायचा की कुणाची फारशी अडचण होऊ नये. आमच्याकडचे बडे लोक अपमानसुद्धा सभ्यपणे करतात.

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात मला तिथे मोठ्या माळ्याचं काम मिळालं आणि कुलपाचं काम त्याबरोबरच गळ्यात पडलं. पहिल्या बुधवारी मी इमानाने कुलूप लावलं आणि फाटकाशी बसून राहिलो. दहाच्या सुमाराला ऑलवेन ग्विलियम आली. तिचा नवरा नुकताच वारला होता आणि ती रोज त्याच्या थडग्यावर जायची. तिने कुलूप पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता वळून सडकेला लागली. अंगावर ओला बर्फ भुरभुरत होता. ती चार शिव्या देती तर बरं झालं असतं. दिवसभर मला माझीच शिसारी आली.

पुढच्या वर्षापासून मी कुलूप लावलंच नाही. साखळी नुसती अडकवून ठेवायचो आणि कुलूप खिशात घालून फाटकाशी बसायचो. अंधार पडला की थोरल्या घरी जायचं. मिस ऑनर डेलाहे दिवाणखान्यात असायच्या. आईबाप गेले, भाऊ लढाईत गेला, आणि चाळीस खोल्यांच्या घरात ही एकटी बाई तीन खोल्या वापरून राहत होती. ताठ, मोजकं बोलणारी, चर्चमध्ये प्रार्थनागीत चालू असताना नुसते ओठ हलवणारी.

“फाटक बंद होतं ना, प्रॉसर?”

“होतं, मिस ऑनर.”

“कुणी आलं?”

“कुणी नाही.”

मग त्या मला शेरीचा एक लहानसा पेला द्यायच्या. मी तो उभ्यानेच संपवायचो आणि निघायचो. असं तेवीस वर्षं मी त्यांच्या तोंडावर खोटं बोललो.

एवढंच असतं तर मी सुखाने झोपलो असतो. पण कुलूप न लावलेल्या त्या पहिल्याच वर्षी ऑलवेन चर्चहून परतली ती डोळे विस्फारून.

“आयव्हर, ती गातेय!”

“कोण गातंय?”

“तुझी मालकीण! खिडक्या सताड उघड्या टाकून, पियानो बडवत. आणि काय गातेय ठाऊक आहे? खलाशांची आणि त्यांच्या बायांची गाणी. शनिवारी पबमध्ये तुम्ही बाप्ये चढल्यावर गाता ना, तसली.”

मी उठून ओकच्या आडोशाने पुढे गेलो. खरंच होतं. आवाज म्हणाल तर गंजलेल्या बिजागरीचा, सूर एका गावात तर ताल दुसऱ्यात. पण बाई गात होत्या ते पोटातून, मधेच स्वतःशी खदाखदा हसत. वर्षातला हा एक दिवस खिडकीसमोरून कुणी जाणार नाही, अशी त्यांची खात्री होती. ती खात्री मी दिली होती.

त्या वेळी मी परत जाऊन कुलूप लावायला हवं होतं. लावलं नाही. ऑलवेनसाठी नाही लावलं, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं कारण असं, की मला ते गाणं पुन्हा ऐकायचं होतं. मी एकटा नव्हतो. पुढच्या वर्षी बेकरीवाला आला, मग पोस्टातल्या दोघी बहिणी, मग आणखी कुणी कुणी. झाडांमागे गुपचूप उभे राहायचे आणि गुपचूप निघून जायचे. रविवारी चर्चच्या दारात सगळे मिस ऑनरना गुड मॉर्निंग म्हणायचे, हवापाण्याचं बोलायचे. त्या गाण्याबद्दल चकार शब्द नाही. गुपित ठेवण्यात आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही.

पंचाण्णव सालच्या उन्हाळ्यात घर विकायचं ठरलं. छप्पर इतकं गळत होतं की वरच्या मजल्यावर बादल्या ठेवायला जागा उरली नव्हती. गिऱ्हाईक लंडनचं होतं, हेलिकॉप्टरने यायचं. त्याची एकच अट होती: खिडक्यांसमोरून जाणारी वाट कायमची बंद. फाटक दरवर्षी लागत होतं असं मी वकिलासमोर शपथेवर सांगायचं, की काम झालं. शुक्रवारी सही करायची होती.

सोमवारी ऑलवेनने मला गाठलं. आता तिच्या हातात काठी होती.

“मग काय, शपथ घेणार म्हणे तू? बायबलवर हात ठेवून?”

“अजून ठरलं नाही.”

“ठरव की. तोवर मी टँकरखाली जायची तालीम करते.”

“ऑलवेन, खरं सांगितलं तर त्यांना सगळं कळेल. गाण्याचंसुद्धा.”

“ते मात्र वाईट होईल,” ती म्हणाली. मग काठी आपटून म्हणाली, “पण आयव्हर, वाट गेली तर मी त्याच्याकडे जायचं कसं?”

तिचं बरोबर होतं. खोटं बोलावं तर म्हातारीची वाट जाते, आणि खरं बोलावं तर एका अभिमानी बाईची चव्हाट्यावर लाज जाते, तीही माझ्या हाताने. दोन रात्री मी तळमळलो. बुधवारी सकाळी मी काचघरात गेलो. मिस ऑनर स्टुलावर उभ्या राहून कात्रीने द्राक्षांच्या घडांतले जास्तीचे मणी कापत होत्या. जूनमधलं ते काम त्या कधी माझ्यावर सोपवत नसत.

“मिस ऑनर, मी कुलूप लावत नव्हतो.”

कात्री थांबली नाही. “कधी?”

“कधीच. पहिलं वर्ष सोडून. ऑलवेनला थडग्यावर जायचं असायचं.”

आता थांबली. त्यांच्या मानेवरून लाली चढत कानापर्यंत गेली. शहात्तर वर्षांची बाई, पण पोरीसारखी लाजेने लाल झाली. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

“म्हणजे लोक येत होते.”

“हो.”

“ऐकलं त्यांनी?”

“ऐकलं.”

“तू?”

“मीही.”

“किती जण?”

“यंदा चौदा.”

“चौदा!” गावात माणसंच साठ. “हसले?”

नाही म्हणायला जीभ उचलली होती. पण तेवीस वर्षांचं पुरे झालं होतं. “पहिल्यांदा दोघं हसले. ऑलवेनने त्यांना असं झापलं की पुन्हा कुणाची छाती झाली नाही. नंतर लोक ऐकायलाच यायचे, मिस ऑनर. आवडायचं म्हणून.”

त्यांनी कात्री उचलली आणि पुन्हा मणी कापायला लागल्या. चांगले टपोरे मणीसुद्धा खाली पडत होते.

“शुक्रवारी दहाला ये. स्वच्छ शर्ट घालून.”

शुक्रवारी वकील बेव्हिंग्टनसाहेब दिवाणखान्यात कागद पसरून बसले होते. मी दारात उभा. मी खरं सांगायचं ठरवून गेलो होतो.

“तर मिस्टर प्रॉसर, फेब्रुवारीतल्या दुसऱ्या बुधवारी फाटकाला कुलूप असायचं. दरवर्षी. बरोबर?”

“नव्हतं,” मिस ऑनर म्हणाल्या.

वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं.

“तेवीस वर्षं नव्हतं. मीच त्याला सांगितलं होतं, लावू नको म्हणून. लोकांनी यावं अशी माझी इच्छा होती.”

“मिस डेलाहे, मी हे लिहिलं तर ती वाट कायमची गावाची होईल.”

“म्हणूनच सांगते आहे. लिहा.”

“आणि गिऱ्हाईक हातचं जाईल.”

“जाऊ दे. दुसरं येईल, जमिनीवरून चालणारं.”

त्या बाईला उभ्या आयुष्यात मी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. माझं तेवीस वर्षांचं पाप त्यांनी दोन वाक्यांत आपल्या अंगावर घेतलं, आणि झाडांमागे लपणारं सगळं गाव एका फटक्यात त्यांचं आमंत्रित पाहुणं झालं. आता कुणी म्हणू शकणार नव्हतं की ऑनर डेलाहेला चोरून ऐकलं.

वकील गेल्यावर मी पुढच्या पायऱ्यांवर त्यांची वाट पाहत थांबलो. त्या बाहेर आल्या.

“तुमचे उपकार, मिस ऑनर.”

“ते तुझ्यासाठी नव्हतं. मी तुझ्यावर रागावले आहे, प्रॉसर, आणि हा राग जाईल असं वाटत नाही. वर्षातला एकच दिवस माझा होता. तोही नव्हता, हे आता कळलं.”

मी टोपी काढून हातात घेतली.

“ऑलवेनसाठी फाटक उघडं ठेवायचं होतं ना? मग मला विचारायचंस. मी हो म्हटलं असतं, आणि गाणं तळघरात जाऊन म्हटलं असतं. एवढी साधी गोष्ट होती.”

साधी होती खरी. गुलाबांना कोणतं खत, कुठलं झाड पाडायचं, सगळं मी त्यांना विचारत आलो. पण स्वतःच्या मनातलं काही त्यांना विचारता येतं, त्यांच्याकडे काही मागता येतं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

“सुचलंच नाही, मिस ऑनर.”

“नाहीच सुचणार,” त्या म्हणाल्या. आवाज उतरला होता. “मी कधी तुला काय विचारलं? त्या थंडीत दिवसभर कुठे बसायचास?”

“बादलीवर. उलटी करून.”

“तेवीस वर्षं?”

“पहिलं धरून चोवीस.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू कुणी अनोळखी माणूस दारात आला होता. मग कठड्याला धरून त्या सावकाश पायरीवर टेकल्या आणि शेजारची जागा हाताने झटकली.

“बस इथे.”

मला बसावंसं फार वाटत होतं. पण गुडघे वाकेनात. टोपी हातात धरून मी तसाच उभा राहिलो.