आठवड्याची पुडी

लुपस झाला म्हणजे आपल्याच शरीरातले शिपाई आपल्यालाच बडवतात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. वर ऊन वर्ज्य. उन्हातून मिळणारं व्हिटॅमिन डी अंगात जवळजवळ नाहीच. ते वाढलं तर दुखणं आटोक्यात राहायला थोडी मदत होईल, म्हणून आठवड्याला एक पुडी दुधातून. झालं! वाघोलीच्या अकराव्या मजल्यावर पडदे ओढून मी लॅपटॉपवर काम करत बसले. माझा नवरा साई सकाळी हिंजवडीला जायचा तो रात्री नऊला उगवायचा. वेड लागायची पाळी आली तेव्हा यवतमाळहून आई आली. निदान बोलायला माणूस तरी मिळालं.

महिनाभरात मला उलट्या सुरू झाल्या. तहान भागेना. रक्त तपासलं तर कॅल्शियम भलतंच वाढलेलं. दवाखान्यात साई फाइल आणायला खिडकीकडे गेला, तेवढ्यात बाकावर आईनं माझा हात धरला.

"नमू, मी रोज देत होती वं पुडी."

"रोज? चारच तर होत्या!"

"रिकामी पुडी दाखवली का खालचा मेडिकलवाला नवी देते. आठवड्यातून एकदा औषध घेऊन कोणी बरं होते काय? मले वाटलं, लवकर पडदे उघडशील." ती रडायला लागली. "जावईबापूंना सांगू नको. उद्याच गाडीत बसवतील."

असा संताप आला! लुपसनं माझी किडनी आधीच नाजूक, आणि हिची ही माया! पण ती गेली तर? पुन्हा मी आणि ते पडदे.

आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पुड्या किती घेतल्यात? खरं सांगा."

"रोज एक," मी म्हटलं. "माझ्याच मनानं. बरं व्हायची घाई झाली होती."

"इंजिनिअर ना तुम्ही? गणित कच्चं दिसतंय," त्या म्हणाल्या. पुड्या बंद केल्या, सलाइन लिहून दिलं आणि मला दाखल व्हायला सांगितलं.

शेजारी बसलेला साई लालेलाल झाला होता. बाहेर येऊन त्यानं माझ्या गोळ्यांची सगळी पिशवी आईच्या मांडीवर ठेवली.

"आई, तुम्ही आहात म्हणून बरं. आता हिच्या हातात औषध नको. सगळं तुम्हीच द्यायचं."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार, कपाळ? बोलायची सोय मीच बंद करून बसले होते.

साई पैसे भरायला गेला. आईनं पिशवीतून एक पाकीट काढलं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"ह्या तरी रोजच्या नं वं, नमू?"